गोपनीयतेची पोथी

माझे वडील वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. हा गुण आहे की खोड, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. बँकेत लॉकर घेताना काउंटरमागचा माणूस "इथे, इथे आणि इथे" म्हणत पेनाने फुल्या मारत सुटला, तर बाबांनी त्याच्याकडे शांतपणे खुर्ची मागितली आणि चष्मा पुसायला घेतला. मागे रांग वाढत गेली. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काका, कादंबरी आहे का?" बाबा म्हणाले, "नाही हो, कादंबरीत एवढं लपवत नाहीत." मी शेजारीच उभी होते आणि आपण यांच्याबरोबर आलेलो नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होते. लॉन्ड्रीच्या पावतीमागचा बारीक मजकूरसुद्धा ते सोडत नाहीत. "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," हे आईचं यावरचं ठरलेलं वाक्य.

त्यांची सगळी नोकरी पुण्याजवळच्या मांजरी गावात, ऊस संशोधनात झाली. नवं वाण शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी ते वर्षानुवर्षं बघायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा बघायचं आणि मग कुठे हो म्हणायचं, असं ते काम. हो म्हणायची घाई त्यांना कधी शिकवलीच गेली नाही.

मी मात्र त्यांची मुलगी शोभत नाही. शाळेत भूगोल शिकवते. नकाशा वाचण्याआधी सूची वाचा, असं वर्गात घसा ताणून सांगते, आणि फोनवर काहीही उघडलं की सर्रकन खाली जाऊन "मान्य आहे" दाबते. एका टॉर्चच्या अ‍ॅपने माझ्या फोनमधले सगळे नंबर मागितले होते. जिन्यात उजेड पाडायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला लागतो, असं मनात आलं, पण जिना समोर होता आणि लाइट गेले होते. दिले. सोसायटीच्या फाटकावरच्या अ‍ॅपला चेहरा दिला, चपलांच्या दुकानात जन्मतारीख दिली. वाढदिवसाला त्या दुकानाचा मेसेज सगळ्यात आधी येतो, भावाच्याही आधी. आणखी कुणाला काय दिलंय हे मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही.

गेल्या वर्षी बाबांचं विसरणं वाढलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग चहा झाला की व्हायचाय. कर्वे रस्त्यावरच्या एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही सुरुवात आहे आणि जे काही करता येतं ते सुरुवातीलाच. त्यांच्याकडे एक नवा उपक्रम सुरू होत होता. घरात साबणाच्या डबीएवढं यंत्र ठेवायचं. ते दिवसभर बोलणं ऐकणार. बाबा कुठे अडखळतात, कोणते शब्द त्यांना सापडत नाहीत, तोच प्रश्न किती वेळा विचारतात, हे त्यातून डॉक्टरांना कळणार आणि त्यावरून औषध, व्यायाम ठरणार. शिवाय आठवड्यातून एकदा समुपदेशक घरी येणार. जागा मोजक्या होत्या आणि त्यातली एक त्यांनी बाबांसाठी महिनाभर धरून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे फोन बाहेर काढला.

फोनवर आधी गोपनीयता धोरण आलं. त्याच्या तळाशी दोन चौकोन होते. पहिल्यापुढे लिहिलं होतं, मी हे धोरण वाचले असून ते समजून संमती देत आहे. दुसऱ्यापुढे, रुग्ण निर्णय घेण्यास असमर्थ असल्याने मी त्याच्या वतीने संमती देत आहे. पहिला चौकोन बाबांनी दाबायचा, दुसरा मी. दुसऱ्यासाठी वर डॉक्टरांचा दाखला.

"यातलं कोणतं?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून ते स्वतः देऊ शकतील. घरी सावकाश समजावून सांगा. आमची समुपदेशक येऊन दोन-चार प्रश्न विचारेल. त्यांना समजलंय असं तिला वाटलं, की झालं."

"वाचायला मिळेल का?" शेजारून बाबा म्हणाले.

धोरणाची मराठी प्रत निघाली. स्पायरल घातलेली, चांगली जाड. समुपदेशक म्हणजे यवतमाळकडची एक हसरी, तरुण मुलगी. प्रत हातात देताना ती म्हणाली, "आजोबा, घाई नाही करायची बरं का. इतकं कोणी वाचतच नाही, तुम्ही वाचून राहिले तर मला आनंदच आहे." बाबांनी प्रत उलटीसुलटी करून पाहिली आणि मागचं पान आधी वाचायला घेतलं.

माझं आणि आईबाबांचं घर कोथरूडच्या एकाच सोसायटीत, मध्ये दोन इमारती. शाळेतून आले की संध्याकाळी मी तासभर तिकडे जाते. दुसऱ्या दिवशी गेले तर दारातच उदबत्तीचा वास. बाबा खुर्चीत ताठ बसून मोठ्याने वाचत होते, समोर पाटावर आई हात जोडून बसली होती.

डोळ्यांनी वाचलेलं हल्ली निसटतं, मोठ्याने वाचलं की जरा धरून राहतं, म्हणून बाबांनी आवाज लावला होता. पूर्वी ते दर श्रावणात पोथी वाचायचे. तो आवाज आईने कितीतरी दिवसांनी ऐकला, तशी ती आतून आली, देवाजवळचा दिवा लागलेलाच होता, तिने उदबत्ती लावली आणि बसली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्याही चप्पल काढून टेकल्या. बाबा वाचत होते, "आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो. आपली माहिती आमच्यासाठी अत्यंत मौल्यवान आहे." काकूंनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी दबक्या आवाजात मला विचारलं, "कोणती गं पोथी?"

"गोपनीयतेची," बाबाच वाचता वाचता म्हणाले.

काकूंनी नमस्कार केला, आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि त्या विरजण विसरून गेल्या. मला हसू आवरेना. पण मग वाटलं, चूक तरी काय आहे? धोरणाचे भाग पाडलेले होते, प्रत्येकाला क्रमांक होता. भाषा अशी की अर्थ लागला तर लागला, नाहीतर ऐकल्याचं पुण्य. आणि आम्हाला पोथी वाचायची सवय आहे, करार वाचायची नाही. रोज एक अध्याय वाचायचा आणि समाप्तीला संमती द्यायची, असं बाबांनी जाहीर केलं. मलाही ते पटलं. महिना हातात होता.

गोची दुसऱ्या दिवशी कळली. बाबांनी पोथी घेतली, खुणेचा कागद दुसऱ्या अध्यायाशी होता. ते म्हणाले, "ही खूण कुणी हलवली?"

"बाबा, काल पहिला अध्याय झाला."

"कधी? मी वाचलेला नाही."

"काकूसुद्धा होत्या ऐकायला."

"काकू असतील, मी नव्हतो," असं म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो. वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम होता आणि वाचलेलं राहत नव्हतं. कधी दुसऱ्या अध्यायापर्यंत मजल जायची, एकदा तर चौथ्यापर्यंत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा. आईचा पहिला अध्याय पाठ झाला. भाजी निवडताना ती पुटपुटायची, "आपली माहिती आम्ही विश्वासू भागीदारांना देऊ शकतो." मी विचारलं, "आई, भागीदार म्हणजे कोण, कळलं का?" ती म्हणाली, "पोथीत सगळंच कळतं का?"

मला तरी कुठे कळत होतं? आयुष्यात पहिल्यांदा असं काही मी सलग ऐकत होते आणि जितकं ऐकावं तितका गोंधळ वाढत होता. एका वाक्यात म्हणायचं, आपला आवाज आम्ही कुणालाही देत नाही. पुढच्या वाक्यात, खालील प्रसंगांखेरीज. ते प्रसंग पान उलटलं तरी संपत नव्हते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? ऐकणार आहोत, ठेवणार आहोत, दाखवणार आहोत, असं तीन शब्दांत सांगून टाका की. मी चिडून एकदा समुपदेशक मुलीला फोन केला आणि विचारलं, "ज्याला आदल्या दिवशीचं आठवत नाही, त्याने आज दिलेली संमती उद्या चालते का?"

"मॅडम, मी विचारून सांगते," ती म्हणाली, आणि खरंच विचारून तिने सांगितलं. एकदा दिलेली संमती मागे घेईपर्यंत चालू राहते, आणि ती कधीही मागे घेता येते.

हे मी बाबांना सांगितलं. ते विचारात पडले. "म्हणजे मी विसरलो तरी त्यांच्या लक्षात राहणार," ते म्हणाले. "आणि मागे घ्यायची, तर दिली होती हे मला आठवायला हवं." त्यांना हे इतकं स्वच्छ कळतं आणि चहा झालेला कळत नाही, याचा अर्थ मी काय लावायचा? तोपर्यंत मला वाटत होतं की माणसाला एकतर समजतं किंवा समजत नाही. त्या दिवशी तेही डळमळलं.

भाऊ बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू पण ना! दुसरा चौकोन टिक कर आणि मोकळी हो. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे." मी त्याला म्हटलं, सुंठीवाचून जात नाहीये रे, त्या चौकोनात बाबा असमर्थ आहेत असं लिहिलंय. तो म्हणाला, "अगं, ती नुसती भाषा असते." असेलही. पण मी दोनदा अंगठा तिथवर नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. एवढे चौकोन आजवर डोळे मिटून दाबले, आणि या एका ठिकाणी माझा हात चालेना. तो दाबला की बाबांची सही या जगात कशालाच लागणार नव्हती. वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाला, तुमची सही आता नकोच, असं मी कसं सांगणार होते? आणि नाही दाबला, तर जागा जाणार. महिना संपत आला. इकडे आड, तिकडे विहीर. मला रात्रंदिवस बाबांचा राग यायचा, मग माझा यायचा, मग त्या धोरण लिहिणाऱ्यांचा.

शेवटी आईनेच तोड काढली. "एका बैठकीत पारायण करा," ती म्हणाली. "सकाळी उठल्यावर यांचं डोकं चांगलं असतं. आंघोळ झाली की बसवा. मध्ये उठायचं नाही. पुरं झालं की त्या मुलीने तिथेच विचारायचं." मला हे सुचलं नव्हतं याची लाज वाटली. मुलगी रविवारची यायला तयार झाली. रविवार तिच्या सुट्टीचा होता, तरी आली.

उपक्रमाच्या त्या तुकडीत बाबांचं नाव लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते बरोबर झालं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. झालं ते असं.

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आईने उदबत्ती लावली नाही, मुलीसमोर तिला संकोच वाटला असावा, पण पाट मांडून बसली. आळीपाळीने वाचायचं ठरलं, बाबांचा घसा दमला की मी. पहिला अध्याय संपला, दुसरा संपला. बाबा अधूनमधून थांबून विचारत, मुलगी उत्तर देई. साठवण म्हणजे कुठे? किती काळ? ज्या कंपनीला देणार ती बुडाली तर? शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, "आजोबा, हे मला नाही माहीत." बाबा खूश झाले. "माहीत नाही म्हणणारं कुणीतरी भेटलं," ते म्हणाले. मी मनात म्हणत होते, असंच राहू दे, आजचा दिवस असंच राहू दे. त्यांचा चेहरा मला कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा दिसत होता आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटत होती.

नववा अध्याय माझ्याकडे होता. इथवर आम्ही याआधी कधी पोचलोच नव्हतो. मी वाचलं, "घरातील इतर व्यक्तींचा आवाजही नोंदवला जाऊ शकतो. अशा व्यक्तींना याची कल्पना देऊन त्यांची संमती घेणे ही वापरकर्त्याची जबाबदारी राहील." आणि मी पुढचं वाक्य सुरू केलं.

"थांब," बाबा म्हणाले. "इतर व्यक्ती म्हणजे?"

"म्हणजे घरातले," मी म्हटलं.

"घरात कोण आहे? मी आणि ही." ते मुलीकडे वळले. "हिची घेतलीत का तुम्ही?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. "आजोबा, आपण पेशंटचीच घेतो सहसा," ती म्हणाली. "आजींचं तसं काही... पण लिहिलंय खरं. घ्यायलाच पाहिजे होती."

महिनाभर मी रोज त्या घरात येत होते. बाबांची संमती खरी की खोटी, आजची की उद्याची, यावर मी डोकं फोडून घेतलं होतं. पाटावर हात जोडून बसलेल्या बाईला त्यातलं काही विचारायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. ते लक्षात आलं कुणाच्या, तर ज्याच्या लक्षात काही राहत नाही म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता त्याच्या.

"अगं," बाबा आईला म्हणाले, "ती डबी तुझंही बोलणं ऐकणार आहे. दिवसभर. चालेल का तुला?"

आता आई काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल तसं. आजवर ती हेच म्हणत आली आहे. मी पुढची ओळ बोटाने धरूनही ठेवली होती.

"नाही चालणार," आई म्हणाली.

मी फाडकन म्हणाले, "आई, अगं बाबांच्या तब्येतीसाठी आहे ते! इतके दिवस हेच तर चाललंय ना आपलं?"

"मला माहितीय कशासाठी आहे. तुझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय मी."

"मग? तुझं कोण ऐकत बसणार आहे? भाजीला काय आणायचं एवढंच तर बोलता तुम्ही दिवसभर."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. समुपदेशक मुलगी हळूच म्हणाली, "आजी, नाही म्हणायचं असेल तर कारण सांगायची गरज नाही हं." मला त्या मुलीचं हे वाक्य तेव्हा आवडलं नाही. आज आवडतं.

"सांगते ना," आई म्हणाली. ती माझ्याकडे किंवा बाबांकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघून बोलत होती. "दुपारी हे विचारायला लागतात. किल्ली कुठाय, मांजरीची बस गेली का, आपली आई जेवली का. त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली. पहिल्यांदा मी नीट सांगते. दुसऱ्यांदाही सांगते. मग पुन्हा विचारतात, पुन्हा विचारतात, आणि माझं डोकं फिरतं. मी ओरडते यांच्यावर. वाट्टेल ते बोलते. परवा म्हटलं, मरा एकदाचे आणि सोडवा मला. ही संध्याकाळी येते तेव्हा मी तोंड धुऊन बसलेली असते, हिला काय कळणार? ते सगळं त्या डबीत जायला नको. डॉक्टरांनी ऐकायला नको. मी गेल्यावर कुणी ऐकायला नको."

मुलीने प्रश्नांचा कागद मिटला. मी दोन इमारती पलीकडे राहते, रोज येते, चहा पिते, सगळं ठीक आहे ना विचारते आणि ठीक आहे ऐकून घरी जाते. आईजवळ जाऊन बसावं असं वाटत होतं, पण मी पोथी हातात धरून तिथेच बसून होते.

बाबा तिच्याकडे बघत होते. कपाळाला आठी पडली होती, एखादं न कळलेलं वाक्य पुन्हा वाचताना पडते तशी.

"तू?" ते म्हणाले. "माझ्यावर ओरडतेस? कधी गं?"